मामाच्या हाका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आता सत्तरीला टेकल्यावर तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

तशी मी भाग्याची. मला सुकलालमामा मिळाला. आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. पारोळ्याजवळ त्याची शेती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जायचीच, तशी आई मला घेऊन जळगावहून जायची, आणि मामा गाडी जुंपून आम्हाला पारोळ्याचा किल्ला दाखवायचा. शाळेची पायरी तो कधी चढला नव्हता. पण खंदक कशाला, तटाला ही भोकं कशाला, हे त्यानं मला बोट धरून शिकवलं. पुढे मी तीस वर्षं इतिहास शिकवला तो त्याच्याच पुण्याईवर. किती सांगू त्याचं — पण बघा, मी विषय टाळतेय.

पासष्ट-सहासष्टची आखाजी असावी. मी नऊ वर्षांची आणि लाडानं पार शेफारलेली. किल्ल्यात भुयार आहे असं ऐकलं होतं, ते मला बघायचंच होतं. मामा म्हणाला, साप असतील, नको. मामानं मला नको म्हणायचं? मी फुगले. आई महादेवाच्या देवळात जरा टेकली, मामा बैलांना पाणी दाखवायला गेला, तेवढ्यात मी एका बुरुजाच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं हाका सुरू झाल्या. "व माय, कोठे शे तू?" आधी हसऱ्या. मग घाबऱ्या. मग — मोठा माणूस रडकुंडीला आला की त्याचा आवाज कसा होतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी गप्प राहिले. आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. आणखी थोडा घाबरू दे, असं वाटत होतं.

मी खंदकात पडले की काय, हे बघायला तो ढासळलेल्या तटावर चढला. दगड सुटला आणि मामा आतल्या अंगाला पडला.

धप्प आवाज ऐकून मी धावत बाहेर आले. त्याचा गुडघा भलतीकडेच वळला होता, आणि तो माझ्याकडे बघत आईला म्हणत होता, "पोर सापडनी ना अक्का. बठ्ठं भेटनं माले." पोर सापडली, यातच त्याला सगळं मिळालं होतं. मी म्हणाले, मला झोप लागली होती. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. झोप कसली? मी टक्क जागी होते. त्याची एकूण एक हाक मला ऐकू आली होती.

हाडवैद्यानं पाय बांधला, पण तो गुडघा पुन्हा काही धड वाकला नाही. पंगतीत मामा एक पाय लांब करून बसायचा. औत धरायला माणूस ठेवावा लागला. तरी पुढच्या आखाजीला त्यानं मला पुन्हा किल्ल्यावर नेलं आणि स्वतः गाडीपाशी बसून राहिला. "जाय माय, पहाय. मी हाक मारसू तवय ओ देजो," एवढंच म्हणाला. त्याला कळलं होतं का? देव जाणे. राग मात्र कधी दिसला नाही. त्या मायेवर मी वाढले.

पण मला सांगायचंय ते याहून वाईट आहे. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची लहान असो की लेकुरवाळी, निरोप देताना मामानं वाकायचंच. सुकलालमामा एका हातानं दाराची चौकट धरायचा, तो पाय मागे सरकवायचा आणि कण्हत खाली जायचा. आई म्हणायची, राहू दे रे. तो ऐकायचा नाही. तो गेला त्या वर्षापर्यंत, दर आखाजीला. मी एकदाही त्याला अडवलं नाही — अडवलं तर का ते सांगावं लागेल, याची भीती. त्याचा हात माझ्या पायाला लागेपर्यंत मी ताठ उभी राहायचे, आणि नमस्कार घ्यायचे.