फाटलेला सूर

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचं श्रेय मारोती मास्तरांना. नाकाडोंगरीत त्यांचा लग्नाचा बँड आहे. बारावीनंतर मी धानाच्या बांधीतच राहायचं असं जवळपास ठरलं होतं. मास्तरांनी आमच्या ओसरीवर ठाण मांडून बाबांना राजी केलं आणि कॉलेजचा फॉर्म स्वतः भंडाऱ्याला नेऊन दिला. पुढे नोकरीसाठी पुण्याला निघालो, त्या दुपारी ते एका वरातीतून थेट एसटीच्या थांब्यावर आले. अंगात लाल कोट, काखेत ट्रम्पेट.

बाबा म्हणाले, "मास्तर, पोरगा नोकरीले चालला, लगन कराले नाई."

"मंग काय झालं? वाजवू नोको काय?" असं म्हणून कंडक्टरने घंटी मारेपर्यंत त्यांनी वाजवलं.

ती चाल अमेरिकेतली होती. मॅंगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाने बदली होऊन जाताना जॅझच्या तव्यांची पेटी मास्तरांना दिली होती. ग्रामोफोनच्या तबकडीला मास्तर तवाच म्हणतात. त्यातल्या एका चालीत ट्रम्पेट वर चढता चढता फाटतो, क्षणभर गप्प होतो आणि त्या फाटलेल्या सुरावरूनच घसरत खाली येतो. मास्तरांनी ते जसंच्या तसं उचललं. आमच्याकडे वरातीत त्या जागी सगळे एक पाय उचलून थांबतात आणि सूर उतरला की दणकन आपटतात. नवरदेवाचा आजासुद्धा.

पुण्यात मी जुन्या जॅझचे संग्रह काढणाऱ्या कंपनीत लागलो. मास्तरांकडे ते तवे ऐकून जॅझ ओळखायला शिकलो होतो, त्यामुळेच मला हे काम मिळालं. प्रत्येक गाण्याची माहिती लिहिणं माझ्याकडे. तिथे कळलं, की पूर्वी एकच चाल दोन-तीनदा वाजवून घेत, त्यातला एक टेक तव्यावर येई आणि बाकीचे टेक डब्यात पडून राहत. गेल्या वर्षी मास्तरांची ती चाल आमच्या संग्रहात आली. कंपनीने दिलेल्या कागदावर जे लिहिलं होतं तेच मी उतरवलं: 'मूळ ध्वनिमुद्रण, संपूर्ण'. ऐकलं नाही. दिवसाला चाळीस गाणी असत, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत होतो. मोठ्या प्रेमाने ते पेन ड्राइव्हवर घालून मास्तरांना पाठवलं.

महिनाभराने बाबांचा फोन आला. "मास्तर बाजा पेटीतून काहाडत नाई बाबू. म्हणते, साऱ्या जिंदगीभर गलत वाजवलं. त्यानं बँडले तू धाडलेलं नवीन शिकवलं. परवा वरातीत लोकं पाय उचलून उभेच. सूर फाटलाच नाई. तो बुढा कोलते त एका पायावरून पडला न."

मी मास्तरांना फोन केला.

"तू धाडलेलाच खरा आहे न," ते म्हणाले. "कंपनीचा आहे तो. माहा तवा घिसला, सुई बी गेली. मलेच वाटलं का तो मानूस मुद्दाम तसा वाजवते. माहा भरमच होता."

त्या दिवशी मी पाठवलेली ती चाल पहिल्यांदा कान देऊन ऐकली. सूर स्वच्छ, गुळगुळीत, आणि मधला तुकडा गायब. टेपसोबत आलेली मूळ यादी शोधून काढली. त्यात साफ लिहिलं होतं: दुसरा टेक, न वापरलेला. आमच्या लोकांनी तोच घेतला, कारण त्यात खरखर नव्हती. वर चाळीस सेकंद कापले आणि शेवटी दुसऱ्याच कुठल्या तरी मैफलीच्या टाळ्या चिकटवल्या. मग मी बाकीचे संग्रह काढून बसलो. कुठे सोलो अर्ध्यात विझवलेला, कुठे वादकाचं हसू पुसून टाकलेलं. सडक्या तांदळाला पॉलिश मारून विकावं तसं. मला शिसारी आली.

कंपनीतल्या साहेबांना सांगितलं. ते हसले. "अरे, लोक हे कॅफेत मागे लावतात. कोण ऐकतंय एवढं?"

कोण ऐकतं ते मला माहीत होतं. मी दुरुस्ती छापा म्हणालो, त्यांनी नकार दिला. तेव्हा संग्रहावरून माझं नाव काढायला लावलं. बाबा चहाच्या टपरीवर ते नाव सगळ्यांना दाखवत. पण खरी किळस माझीच आली. ज्या माणसाने मला शिकवलं, त्याच्याच कानाला मी खोटं पाडलं होतं, तेही न ऐकता. फोनवर हे बोलायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं.

मास्तर,

नमस्कार. तुमी चुकले नाई. चुकलो मी. त्या वादकाचा जो टेक त्या काळी तव्यावर निंगाला, तो तुमच्याच पेटीत आहे. तो सूर त्याचा खराच फाटला होता, आन् त्यानं तोच ठेवा म्हणून सांगतलं असंन. आमी तुमाले टाकून देलेला टेक धाडला, त्यातही कापलेला, आन् वरून मूळ म्हणून म्या लिवलं. न आइकता लिवलं. माफी मांगाले मी दिवाळीत येतो, पण तोवर तुमी बाजा बंद ठेवू नोका.

इथं माह्या घरात फ्रिज आहे, गॅलरी आहे, सारं आहे. पण माह्यावाली चूक ज्याले आइकू येते असा मानूस तिकडंच आहे, म्हणून घर म्हटलं का अजूनही नाकाडोंगरीच समजतो.

गावच्या पाटलाच्या पोरीचं लगन आहे म्हणते बाबा. त्या वरातीत जुनं वाजवा. जिथं फाटते तिथं फाटू द्या. लोकं पाय उचलून वाट पाहून राहिले.

तुमचा,
गोपाल