संपदाताईच्या घरचा संगमरवरी देव्हारा

हिंदी मुलखातल्या आमच्या सोडाला वस्तीतल्या गल्लीत बोभाटा झाला, की संपदाताईने खाणवाल्याकडून संगमरवरी देव्हारा लाटला. छे! देव्हारा आला खरा, पण ती चौमूंला कामावर गेलेली असताना, आपसूक.

संपदाताई ड्रोन उडवून खाणी मोजते. खड्डा परवान्याच्या हद्दीबाहेर सरकलाय का, ते सरकारला कळवते. दुसऱ्या दिवशी जी खाण मोजायची, नेमक्या तिच्याच मालकाने टेम्पो धाडला होता. टेम्पोवाला गुटख्याने भरलेल्या तोंडाने म्हणाला, "माताजी, मैडमजी का सामान है।" झालं! लेकीने गणपतीसाठी गुपचूप मागवला, असं समजून तिच्या आई, मंदाकिनीआजी, हरखल्या. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळे आत बसवून शिऱ्याचा नैवेद्यही दाखवून मोकळ्या!

संपदाताई आली, देव्हारा बघितला, धाडणारा कोण ते ओळखलं आणि चपलाही न काढता आत धावली. हा घरात राहिला, तर उद्याच्या मोजणीवर कोण विश्वास ठेवणार? नोकरीवर गदा यायची ती वेगळीच.

"आई, हा परत जाणार."

"बसलेले देव उठवू? मतलब, काही रीतभात?"

"लाच आहे ही!"

"देवाला कोण लाच देतं गं?"

"देवाला नाही, मला!"

संपदाताईला पेच पडला. जबरदस्ती केली तर आई महिनाभर बोलायची नाही, आणि नाही केली तर उद्या खाणीवर कुठल्या तोंडाने जायचं?

लेकीवर बालंट नको, म्हणून शेवटी आजींनीच पदर खोचला. गणपतीची करतात तशी उत्तरपूजा मांडली, अक्षता वाहिल्या, एकेक देव हळूच हलवला. "चला रे, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो आपण." देव पुन्हा जुन्या पाटावर आले.

संपदाताईने बोलावलेला टेम्पोवाला परत आला तो कुरकुरतच. "माताजी, भगवान का घर लौटाओगे? पाप लगेगा!"

"घर खाली है भैया. भगवान इधरच है!"

संपदाताई इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी खाण मोजली, तर खड्डा शेजारच्या गायरानात घुसलेला. तिने तसं बेधडक कळवलं, घरी येऊन उरलेला शिरा खाल्ला आणि ढाराढूर झोपली.

आजी देव उठवणार नाहीत, अशी मी तिच्याशी पैज लावली होती. हरल्याची शिक्षा म्हणून गणपती उठेपर्यंत गल्लीभर गाजणारी माझी आजींची नक्कल बंद. टेम्पोवाल्याची मात्र तीच रोज करायला लावते.