दाराची ओळ

माझं काम सबटायटल लिहिण्याचं. माणूस पडद्यावर कितीही बोलला तरी ते दोन ओळींत बसवायचं, त्यामुळे कमी शब्दांत लिहिण्याचा मला थोडा माज आहे. तोच माज घेऊन मी एका मालिकेच्या चाहत्यांच्या विकीवर लिहायला लागले. तिथे कुणीही लिहू शकतं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलू शकतं. एकेका कल्पनेचं एकेक पान आणि त्याखाली मालिकेतली उदाहरणं. 'गप्प राहून घेतलेला सूड' हे पान मी सुरू केलं होतं. पहिलं उदाहरणही माझंच: 'थोरली सून धाकटीला पाहूनही दार उघडत नाही.' मला ते अगदी नेमकं वाटलं होतं.

त्याच सुमारास आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लालबागच्या आमच्या घरात संध्याकाळी मालिकेचे जुने भाग पुन्हा लागायचे आणि आई डोळे मिटून नुसती ऐकायची. पण जिथे कुणी बोलतच नाही तो प्रसंग ती ऐकणार कसा? दाराचा प्रसंग तसाच निघून गेला. काय झालं म्हणून तिने विचारलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत फोन काढला आणि माझी ओळ वाचून दाखवली.

आई म्हणाली, "पण तिना दार कित्याक उघडूक नाय?"

उत्तर खालीच होतं. कुणा बाईने माझ्या ओळीला जोडून लिहिलं होतं की धाकटी माहेराहून भांडून परत आली आहे, थोरली आतून बघते, कडीला हात लावते आणि मागे घेते. फार पूर्वी थोरली अशीच परत आली होती तेव्हा धाकटीने दार उघडलं नव्हतं, म्हणून हा नुसता राग नव्हे, सूड आहे. मी ते वाचत गेले तशी आई उठून बसली. मग म्हणाली, त्या बाईचं आणखी काही असेल तर वाच.

होतं, भरपूर होतं. रोज संध्याकाळी मी माझ्याच आवाजात तिचं लिखाण आईला वाचून दाखवत होते आणि आतून जळत होते. शेवटी मी विकीच्या चर्चेच्या पानावर सुचवलं की उदाहरण दोन वाक्यांपेक्षा मोठं नसावं. तिने शांतपणे उत्तर दिलं की मालिका न पाहिलेल्याला दोन वाक्यांत कळत असेल तर तिची हरकत नाही. बाकीचे सगळे तिच्या बाजूने गेले.

पुढे आम्ही लिहिणाऱ्या काही जणांनी एका रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटायचं ठरवलं. ती बडबडी, कंटाळवाणी निघावी अशी माझी मनापासून इच्छा होती. ती निघाली जवळच राहणारी दातांची डॉक्टर, माझ्याहून लहान, मोजकंच बोलणारी. सगळे तिच्याकडे वळून बसले होते. मी कोण हे कळल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"दाराची ओळ तुमची ना? मला त्यातून काहीच कळलं नव्हतं, म्हणून मी तो भाग पुन्हा पाहिला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी दुसऱ्या एका प्रसंगाचं उदाहरण लिहायला बसले. कोण, कुठे, आधी काय घडलं होतं, ते या पानावर का बसतं, सगळं. जेवण झालं, दुपार गेली. दोन ओळींची सवय लागलेल्या हाताला तिसरी ओळ सुचेना. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्या त्याच बायेन लिवल्यान ना?"

मी लिहिलंय, म्हटलं. आई म्हणाली, "बरा लिवलंस."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी ते पान उघडून पाहिलं. त्या डॉक्टरने माझ्या उदाहरणाच्या मधोमध एक वाक्य घातलं होतं. ते काढून टाकायचं म्हणून मी आधी पुन्हा पुन्हा वाचलं. पण त्याच्याशिवाय माझं पुढचं काही कळत नव्हतं. मी ते राहू दिलं.