मुरड न घातलेला कानवला

सन १९७२. माझं वय एकोणीस. जळकोटकडच्या आमच्या खेड्यात विहिरी कोरड्या पडलेल्या. दुष्काळी कामावर खायला सुकडीची भुकटी मिळायची आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली लाल ज्वारी. मी लातूरला दाळ मिलमध्ये हमालीला निघालो, त्या पहाटे मायनं कानवला करायला घेतला.

गावाकडच्यांना सांगायला नको, शहरात वाढलेल्यांसाठी लिहितो. घरातनं निघणाऱ्याला मुरडीचा कानवला द्यायचा असतो. कड बोटांनी दुमडत, पिळत न्यायची, म्हणजे गेलेला माणूसही मुरडून घरी येतो. पण पीठ मिलोचं, त्याला चिकटपणा कुठला? माय मुरड घालायची आणि कड फुटायची. शेवटी तिनं ती नुसती दाबली, कानवला तव्यावर भाजला, फडक्यात बांधून दिला आणि म्हणाली, "मुरड काय बसंना बाबा. जिथं पानी लागंल तिथं ऱ्हा."

राहिलो. शाळा चौथीतच सुटलेली, तरी मिलमध्ये मुकादम झालो. दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात पारावर सांगितलं, मी गेलो म्हणून झाला. लोक म्हणाले, मंग आता माघारी ये, जळकोटचा तालुका व्हायचा हाय. हसलो आणि लातूरची गाडी धरली. पण पोळ्याला गावी गेलो नाही, असं एक साल नाही.

पुढं लातूरलाच रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात वेगळाच तंटा. माझी नात अनू, थोरल्याची पोरगी, पुण्याला हॉटेलचं शिकलेली. तिला स्पेनमध्ये नोकरी लागली. सगळे राजी, मी नाही. समुद्रापलीकडं गेलेलं माणूस काय पोळ्याला येतंय? पोरगीही माझ्याच वळणाची. आजोबा हाव म्हणल्याबिगर पाय उचलणार नाही म्हणाली. तिकीट काढलेलं, बॅग भरलेली, आणि मी गप्प.

शेवटच्या संध्याकाळी ती म्हणाली, तिकडचं खाणं करून घालते. एम्पनाडा. मैदा लोण्यात मळला. आत बटाटा, मका, ढोबळी मिरची, पनीर. आमची म्हातारी, अनूची आजी, बघून म्हणाली, हा तर तिखट कानवलाच की. शेजारी काकडी, टमाटे, कांदा चिरून ठेवले. टँकरच्या तांब्याभर पाण्यात भाजी धुतली आणि ते पाणी कढीपत्त्याला घातलं, हे मात्र मला आवडलं.

मी बाजेवरूनच म्हणालो, "कोशिंबीर करायलीस, अन् दही कुठं हाय?"

"तिकडं दही न्हाई घालत आजोबा. लिंबू अन् तेल."

"मंग तिकडं खानार काय तू?"

कितीक दिवसांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

अनू काट्याच्या चमच्यानं कडा दाबत होती. म्हातारीनं तिच्या हातातली पारी ओढून घेतली आणि मुरड घालायला लागली. मैद्याची कड, काय सुरेख बसत होती. दाबून काय व्हतंय, म्हणाली, मुरड घातली की पोरगी माघारी येती. अनूनं हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं.

मी त्या कडेकडं बघत राहिलो. मला कुणी मुरड घालून बांधलं नव्हतं. तरी गेलोच ना दर साली?

"मुरड घालू नको," मी म्हणालो. "दाबू दे तिला."

"येडे झालाव का? पोरीनं माघारी यायचं न्हाई का?"

"यायचं तर तिच्या मनानं यील. हाव म्हनलो मी."

अनूनं नाक पुसलं आणि चमचा उचलला.

कढईत मीठ तापवून, वर ताटली ठेवून ते कानवले भाजले. मी तीन खाल्ले. ती तेलातली कोशिंबीरही खाल्ली. वाईट नव्हती, पण तसं सांगितलं नाही. आता कुणी गाव विचारलं तर जळकोटकडचं सांगतो, घर विचारलं तर लातूर. दोन्ही खरंय. तिसरं एखादं घर झालं तरी माझ्या घरची माणसं त्यात मावतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर तिची बॅग मीच गाडीत चढवली, कुणाला हात लावू दिला नाही. पोरगी पाया पडली, येते आजोबा म्हणाली. आपल्यात अशा वेळी कुणी जा म्हणत नाही, ये म्हणायचं असतं. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत उभी. मी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणालो, "जा पोरी."