निवटीचा पेपर मागे घेताना

“बाय, या दोन येगल्या हायत. एका वाट्यात नको टाकू, चव जाईल,” मालतीबाई म्हणाल्या.

पनवेलच्या मासळी बाजारात त्या उरणकडची मासळी विकायला बसायच्या. मी घरी खायला निवट्या घेत होते. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, पाण्याबाहेरही बराच वेळ जगणारा मासा. त्याच माशावरच्या संशोधनाने माझं नाव झालं होतं.

“वेगळ्या म्हणजे? लहान-मोठ्या?”

“नाय गो. जातच येगली. ही बघ, हिच्या पंखावरचे ठिपके. तिला हायत का? आमी पोरपणापासून निवडतो.”

मी दोन्ही प्रकार घेतले आणि घरी न जाता थेट लॅबमध्ये गेले.

माझा विषय इव्होल्यूशनरी जिनोमिक्स. सोपं सांगायचं तर, प्राण्यांचा डीएनए वाचून ते कसकसे बदलत आले हे शोधायचं. काही वर्षांपूर्वी आम्ही उरणच्या खाडीतल्या चोवीस निवट्यांचा डीएनए एकत्र करून वाचला होता. जमिनीवर तगायला मदत करणाऱ्या जीन्समध्ये प्रचंड विविधता दिसली. ‘हा मासा आजही झपाट्याने बदलतो आहे’, असं आम्ही लिहिलं. तो पेपर, म्हणजे शोधनिबंध, गाजला. सायटेशन्स वाढत गेली. सायटेशन म्हणजे दुसऱ्या शास्त्रज्ञाने स्वतःच्या लेखात तुमच्या लेखाचा दिलेला संदर्भ. आमच्याकडे माणसाचं वजन त्यावर ठरतं.

पण चोवीस मासे एकाच जातीचे नसतील तर? मग ती विविधता एका माशाची नाही, दोन जातींमधला साधा फरक.

नशिबाने प्रत्येक माशाच्या शेपटीचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवलेला होता. मी एकेक तुकडा वेगळा तपासायला घेतला. तीन आठवडे लागले. पंधरा एका जातीचे निघाले, नऊ दुसऱ्या. वेगळं करून पुन्हा हिशेब मांडला, तर आमचा शोध जवळजवळ नाहीसाच झाला.

मी संस्थेच्या डायरेक्टरसरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“प्रमोशनची कमिटी पुढच्या महिन्यात बसते आहे. तुमची निम्म्याहून जास्त सायटेशन्स या एका पेपरची आहेत. जरा थांबा.”

“तोवर आणखी लोक यावर काम उभं करतील, सर.”

“अहो, चूक अजून कुणी पकडलेली नाही.”

“मला सापडली आहे ना. मी पेपर मागे घेते आहे.”

खरी भीती मला नसीमाची होती. ती माझी पूर्वीची विद्यार्थिनी, पेपरची पहिली लेखिका, म्हणजे जिचं काम सर्वांत जास्त ती. उरणची मुलगी. वडील आखातात नोकरीला. आमच्या घरात पीएच.डी. करून डॉक्टर झालेली पहिली, असं ते सगळ्यांना सांगायचे. ती एका युनिव्हर्सिटीत नोकरीच्या मुलाखतीला जाणार होती, याच पेपरच्या जोरावर. मी फोन केला. सगळं सांगितलं.

“मॅडम, एक बोलू? राग मानू नका. काही मासे वेगळे दिसतायत, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, नर-मादी असतील.”

मला आठवत नव्हतं. मी जुनी लॅबची वही काढली. तिच्या बारीक अक्षरात शंका लिहिलेली होती. खाली माझी सही होती, तपासणीची नोंद कुठेच नव्हती.

पेपर मागे घेण्याचं निवेदन मी त्याच दुपारी लिहिलं. जाती ओळखण्यातली चूक माझी. पहिल्या लेखिकेने वेळीच शंका घेतली होती, ती मी बाजूला सारली. सरांनी शेवटचं वाक्य काढायला सुचवलं. मी ठेवलं. वहीच्या पानाची प्रत नसीमाला पाठवली.

कमिटीने मला त्या वर्षी प्रमोशन दिलं नाही. नसीमाला मुलाखतीत त्याच प्रकरणावर अर्धा तास विचारलं. तिने ते पान पुढे ठेवलं. नोकरी मिळाली.

पुढे आम्ही दोघींनी मिळून त्या दोन जातींवर नवा पेपर लिहिला. मासे ओळखायला मालतीबाई आमच्याबरोबर चिखलात उतरल्या; आभारांत त्यांचं नाव पहिलं आहे. हा पेपर बरोबर आहे. त्याला सायटेशन्स फारशी नाहीत.

मागे घेतलेल्या पेपरला मात्र अजूनही मिळतात. प्रत्येक लेखकाला मी ईमेल करते, ‘हा निष्कर्ष चुकीचा आहे, कृपया वापरू नका.’ काही जण आभार मानतात. एकाने उलट कळवलं की आमचा पेपर त्याला फार आवडला.

सायटेशन मिळालं म्हणजे पेपर कुणी वाचला, असं मी आता धरत नाही.