मेलेल्याचं काम करणारा मित्र

आमच्या शॉर्टफिल्मच्या ग्रुपवर फोटो आला तेव्हा मी चहा गाळत होते. निळ्या शर्टातला रूपेश, भोवती हार, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी एका हाताने टाइप केलं, ‘फॉन्ट भिकार आहे. आणि शोकाकुलमध्ये माझं नाव वर घ्या.’ पुढे हसणारे तीन चेहरे. पाच मिनिटांनी इम्तियाजचा फोन आला. हा आमचा कॅमेरामन, एरवी बोलायला लागला की थांबत नाही. “शर्वरी... वो अपना फिल्मवाला नहीं है. रूपेश सकाळी गेला.”

ही चूक फक्त आम्हीच करू शकत होतो. दोनच महिन्यांपूर्वी तोच फोटो, तोच हार घालून आम्ही फ्लेक्सवर छापला होता. आमच्या शॉर्टफिल्मची गोष्टच ती होती... माणूस मेलाय, प्रेत घरात पडलंय आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा घ्यायचा यावरून नातेवाईक आणि गल्लीतले पुढारी हमरीतुमरीवर आलेत. शेवटी मेलेल्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा उरतो. पनवेलच्या कुठल्याही नाक्यावर उभं राहा, ही गोष्ट डोक्यावर लटकलेली दिसेल. लिहिली मी, दिग्दर्शनही माझंच. मेलेल्याचं काम मात्र रूपेशने हट्टाने मागून घेतलं. “दुसरा कोणी नको. मला पडून राहायला जमतं,” म्हणाला. फोटोसुद्धा स्वतः स्टुडिओत जाऊन काढून आणला. आता घरच्यांनी तोच वापरला होता, कारण त्याच्याइतका नवा आणि चांगला फोटो घरात नव्हता.

शूटिंग करंजाड्याला, इम्तियाजचे मामू कुवेतला असतात त्यांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. मंगळवार, गुरुवार, शनिवार रूपेश यायचा नाही. कामोठ्याला क्लास घेतो म्हणायचा. मी वैतागायचे, “एवढे कुठले कलेक्टर घडवतोयस रे?” तो नुसता हसायचा. भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट. पाणी दोन घोट, चहा अर्धा कप. मी त्याला सगळ्यांसमोर चिक्कू म्हणायचे. माझ्या डोळ्यांवर काय पट्टी बांधली होती, कोण जाणे!

विचुंब्याला त्याच्या घरी गेले तेव्हा आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, “मावशी, असं अचानक...” त्यांनी वर पाहिलं. “अचानक कुठं गं? दीड वरीस डायलिसिस चालू हाय. तुला नाय सांगितलं त्यानं?” कामोठ्याला क्लास नव्हता. हॉस्पिटल होतं. फुल बाह्यांखाली सुयांच्या खुणा होत्या, आणि पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं होतं.

जिना उतरता उतरता मी इम्तियाजला गाठलं. त्याने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं! लाइट धरणाऱ्यालाही ठाऊक होतं. “कसम घातली होती यार त्याने. म्हणाला, शर्वरीला कळलं तर ती हसायची बंद होईल. मग ही कॉमेडी करायची कुणासाठी?”

लोक म्हणतात, केवढं मोठं मन. मला अजून राग येतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनची मैत्री, आणि मला काय झेपेल हे ठरवणारा हा कोण टिकोजीराव? डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या, मोसंबी सोलून मीच खाल्ली असती. तेवढा तरी हक्क होता माझा. त्याने मला त्याच्या आजारपणातून चक्क हाकलून दिलं, आणि त्याच्या मरणावर मात्र खदाखदा हसवून घेतलं. याला मी दगाच म्हणते. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

महिन्याने मावशींचा फोन आला. “त्याचा पिक्चर दाव मना.” मी टाळलं. एडिटिंग बाकी आहे, कॉम्प्युटर बिघडलाय, काय वाटेल ते सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. प्रेताच्या सीनमध्ये माझा आवाज आहे. तो या आईने ऐकला तर तिला पुन्हा तोंड कसं दाखवणार? शेवटी एका दुपारी त्या स्वतःच रिक्षा करून माझ्या दारात आल्या.

लॅपटॉप उघडला. मुलगा जमिनीवर, नाकात कापूस, कपाळाला अबीर. मावशींनी पदर तोंडाशी नेला, पण नजर हलवली नाही. आणि मग कॅमेऱ्यामागून मी खेकसले, “अरे, जिवंत वाटतोयस! एवढं साधं काम जमत नाही? नीट मर की!”

मला धरणी दुभंगावी असं झालं. पडद्यावर प्रेताचं पोट गदगदायला लागलं. मग तो फुटलाच... कापूस उडाला, उठून बसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

मावशी पडद्याजवळ सरकल्या. “घरात कवाच असा हसला नाय गं,” त्या म्हणाल्या. “परत लाव. आन् त्यो उठतो त्यो भाग कापू नको.”

मी परत लावलं. हसू आवरल्यावर तो कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, “हसलीस ना?”

हसले रे. फसवून हसवलंस, ते मात्र माफ करणार नाही.