पिशवीवरची साय

तिला सगळे आणखीबाई म्हणत. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिने उभा जन्म वाढण्यात घालवला आणि ताटावर आडवा धरलेला हात कधी मानला नाही. "पुरे" हे जेवणारा भिडेखातर म्हणतो, असं तिचं ठाम मत. पुढे पुढे लोक वादच घालत नसत, मुकाट खात. असा स्वभाव, आणि त्यात एकुलता एक मुलगा आजारी. मग काय विचारता!

मुलाच्या पोटातला कॅन्सर डॉक्टरांनी काढला, पाठीच्या कण्यालगतच्या गाठीही काढल्या. सगळं सुरळीत झालं म्हणेपर्यंत पोट फुगलं. नळी घातली, तर खालच्या पिशवीत दूध उतरलं. पांढरंशुभ्र, दाट. आणखीबाईने पिशवीला हात लावला आणि झटकन काढून घेतला. पिशवी कोमट होती.

"दूध नाही ते," डॉक्टर म्हणाले. "खाल्लेली चरबी अंगात नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाठी काढताना त्यातली एखादी फुटलीय, ती गळतेय. तेल, लोणी, साय, सगळं बंद. गळती आटली की भोक आपोआप बुजेल."

"बरं," ती म्हणाली. पण तिच्या मनाने भलतंच घेतलं. तान्हेपणी पाजलेलं आपलंच दूध याच्या अंगातून परत निघालंय, असं तिला वाटू लागलं. सांगणार कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तर त्या पिशवीकडे पाठ करूनच झोपायचा. नळीतून थेंब उतरताना ती बघत बसे, आणि तिची छाती, इतक्या वर्षांनी, भरून आल्यासारखी दुखे.

पथ्याने पिशवीतलं पांढरं फिकं होत गेलं. डॉक्टर खूश. हिचा मात्र जीव खालीवर, कारण मुलाची गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. दूध संपलं म्हणजे मुलगा संपला! मग ती घरून आणलेल्या भाजीच्या सुपात साय घोटून घालू लागली. मुलगा वाटी तोंडाला लावी, क्षणभर तिच्याकडे बघे आणि सगळं पिऊन टाकी.

पिशवी पुन्हा पांढरी झाली. ती घाबरली आणि तिने साय वाढवली. पांढरंही वाढलं. जणू आत कुणीतरी बसून मागत होतं, आणि ही वाढत होती.

डॉक्टर चक्रावले. "पथ्य झालं, इंजेक्शनं झाली, तरी थांबत नाही. उद्या परत पोट उघडावं लागेल. खरं सांगतो, त्याच्या अंगात तेवढी ताकद उरलेली नाही."

त्या दिवशी नर्सने पिशवीतलं थोडं तपासणीसाठी काचेच्या भांड्यात काढून खिडकीत ठेवलं होतं. उन्हं कलताना आणखीबाई त्यात डोकावली. वर थर धरला होता. जन्मभर दूध तापवलेल्या बाईला तो ओळखायला कितीसा वेळ लागणार? साय होती ती. तिनेच घोटून घातलेली, मुलाच्या पोटातून परत आलेली. मुलाला आपणच आपल्या हाताने रिता करत होतो, हे तिला कळलं.

ती खाटेशी आली. "बाळा, सुपात मी साय घालत होते रे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पहिल्या घोटालाच कळलं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

तो छताकडे बघत राहिला. "मला वाटलं, मी वाचत नाही असं डॉक्टरांनी तुला एकटीला सांगितलंय. म्हणून पथ्य मोडून लाड करतेयस. मला कळलंय हे दाखवलं असतं, तर तू खचली असतीस."

म्हणजे इतके दिवस तो प्रत्येक वाटी शेवटची समजून प्यायला होता. आणखीबाईने उशाशी ठेवलेली सुपाची वाटी बेसिनमध्ये उपडी केली आणि चपलाही न घालता डॉक्टरांच्या खोलीकडे धावत सुटली, आपण काय केलं ते वॉर्डभर ओरडून सांगत.